बदली आली, जुन्या संगणकाचे काय?



मी या शाळेत संगणक शिकवतो. सुट्टीवरून परतलेले कॅडेट मला दरवर्षी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. "सर, बाबांची बदली झाली आहे. घरचा जुना संगणक बरोबर न्यायचा की इथेच कोणाला द्यायचा?" फौजी घरात हा प्रश्न इतर घरांपेक्षा लवकर उभा राहतो. दर दोन-तीन वर्षांनी काळ्या ट्रंका भरायच्या, क्वार्टर रिकामे करून द्यायचे, आणि ट्रकमध्ये जागा मोजकीच. अशा वेळी जुन्या संगणकाचे तीनपैकी एक होते. तो आहे तसा बांधून पुढच्या गावी जातो आणि तिथल्या माळ्यावर चढतो. नाहीतर निघण्याच्या आदल्या दिवशी भंगारवाला तो उचलून नेतो. किंवा "गरजूंना द्या" म्हणून कोणाच्या तरी गळ्यात पडतो.

या तिन्हींत मला माळा सर्वांत वाईट वाटतो. भंगारवाल्याबद्दल पुढे सांगेनच. पण माळ्यावर ठेवलेल्या संगणकाची किंमत दरवर्षी शून्याकडे सरकत असते, हे घरात कोणाच्या लक्षात येत नाही. जो संगणक आज एखाद्या शाळेला पाच वर्षे उपयोगी पडला असता, तोच पाच वर्षांनी कोणालाच नको असतो. देण्याची वेळ ही संगणक चालू असतानाच असते. बंद पडल्यावर आपण देतो ती भेट नसते, तो दुसऱ्याच्या दारात टाकलेला कचरा असतो.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट वेगळी काढतो. हे सगळे घरच्या संगणकाबद्दल चालले आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतले किंवा वडिलांच्या कार्यालयातले संगणक सरकारी मालमत्ता आहेत. डेड स्टॉक रजिस्टरवर त्यांची नोंद असते, बोर्ड बसते, ते तपासून निकामी ठरवते, मग नियमाप्रमाणे लिलाव किंवा विल्हेवाट होते. कितीही चांगल्या हेतूने असला तरी तो संगणक परस्पर कोणाला देता येत नाही. म्हणून "सर, स्टोअरमधले ते आठ संगणक माझ्या गावच्या शाळेला द्या ना," असे कोणी म्हटले की मी नाही म्हणतो आणि घरच्या संगणकाची चौकशी करतो.

आता पहिले काम. संगणक कोणालाही देण्याआधी, अगदी मोडीत काढण्याआधीही, त्याची हार्ड डिस्क रिकामी करायची. फौजी घराच्या डिस्कवर काय असते ते आठवून पाहा. ओळखपत्राच्या स्कॅन केलेल्या प्रती, बदलीचे आदेश, कँटीन कार्ड, पेन्शनचे कागद, बँकेची पासबुके, युनिटमधले फोटो, आणि त्या फोटोंच्या पार्श्वभूमीला जे काही उभे असेल ते.

"मी सगळे डिलीट केले आहे," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. डिलीट म्हणजे काय होते ते हजेरीपटाच्या उदाहरणाने समजून घ्या. वर्गशिक्षकांनी एका कॅडेटचे नाव हजेरीपटावरून खोडले, पण तो कॅडेट अजून बाकावरच बसलेला आहे. हजेरी घेणाऱ्याला तो दिसत नाही. खिडकीतून डोकावणाऱ्याला दिसतो. फाइल डिलीट केल्यावर तिचे नाव यादीतून जाते आणि तिची जागा "रिकामी" म्हणून नोंदली जाते. प्रत्यक्ष मजकूर तिथेच राहतो, दुसरी फाइल येऊन त्या जागेवर बसेपर्यंत. झटपट फॉरमॅटमध्येही यादीच नवी होते, बाकावरचे तसेच राहतात.

एमआयटीमधल्या सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलाट या दोघांनी हे प्रयोगाने दाखवले. त्यांनी बाजारातून १५८ वापरलेल्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांपैकी १२९ चालू होत्या, आणि त्या १२९ मध्ये नीट पुसलेल्या फक्त १२ निघाल्या. बाकीच्यांत पत्रे, आजारपणाचे कागद आणि हजारो क्रेडिट कार्डांचे क्रमांक होते. २००३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानंतर लोक शहाणे झाले असतील असे वाटते, पण सप्टेंबर २०२२ मध्ये मॉर्गन स्टॅन्ली या बड्या वित्तसंस्थेला अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने साडेतीन कोटी डॉलरचा दंड केला. कारण हेच. जुने संगणक हलवण्याचे काम त्यांनी सामान वाहून नेणाऱ्या कंपनीला दिले होते, आणि ग्राहकांची माहिती असलेली काही यंत्रे पुढे इंटरनेटवरच्या लिलावात विकली गेली. सुमारे दीड कोटी ग्राहकांचा प्रश्न होता.

तुम्हाला अधिक जवळचे उदाहरण अफगाणिस्तानातले आहे. बग्राम येथे तेव्हा अमेरिकेचा मोठा हवाई तळ होता. एप्रिल २००६ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने बातमी दिली की तळाच्या फाटकाबाहेरच्या बाजारात, इतर किरकोळ मालाबरोबर, तळावरून चोरलेले फ्लॅश ड्राइव्ह विकायला ठेवले आहेत. त्यांत सैनिकांची वैयक्तिक माहिती आणि गुप्त कागदपत्रे होती. मग सैनिकांना रोख पैसे घेऊन दुकानादुकानांत फिरावे लागले आणि आपलेच ड्राइव्ह परत विकत घ्यावे लागले. या प्रकरणात चोरी होती, आपल्याकडे आपण स्वतःच्या हाताने देतो, एवढाच फरक.

डिस्क पुसायची म्हणजे तिच्या प्रत्येक जागेवर दुसरे काहीतरी लिहायचे. साध्या फिरत्या हार्ड डिस्कसाठी एकदा संपूर्ण पुनर्लेखन पुरते. सात वेळा, पस्तीस वेळा लिहावे लागते ही जुन्या काळची समजूत आहे, त्यात वेळ घालवू नका. विंडोजमध्ये "रिसेट धिस पीसी" निवडून "रिमूव्ह एव्हरीथिंग" आणि त्याच्या सेटिंगमध्ये "क्लीन डेटा" चालू केले की हे काम होते. वेगळी जोडलेली डिस्क असेल तर फॉरमॅट करताना "क्विक फॉरमॅट" समोरची खूण काढा. पूर्ण फॉरमॅट प्रत्येक जागेवर शून्य लिहितो. त्याला वेळ लागतो, आणि किती लागेल हे आठवीतला कॅडेटही काढू शकेल. ५०० जीबीची डिस्क, लिहिण्याचा वेग सेकंदाला १०० एमबी धरला, तर ५,००० सेकंद. म्हणजे सुमारे १ तास २३ मिनिटे. ज्याने "सर, पाच मिनिटांत पूर्ण फॉरमॅट झाला" असे सांगितले, त्याने क्विक फॉरमॅटच केला आहे हे मला न विचारताच कळते.

एसएसडी असेल तर गोष्ट वेगळी. तिच्यातला नियंत्रक सगळ्या पेशी सारख्या झिजाव्यात म्हणून मजकूर सतत जागा बदलून लिहीत असतो. आपण ज्या जागेवर शून्य लिहिले असे समजतो, ती जागा तीच असेल याची खात्री नसते. त्यासाठी एसएसडी बनवणाऱ्या कंपनीच्या प्रोग्रॅममधला "सिक्युअर इरेज" वापरावा.

घरी मी लोकांना याहून सोपा मार्ग सांगतो. जुनी डिस्क काढून आपल्याजवळ ठेवा आणि संगणकात लहानशी नवी एसएसडी बसवून द्या. आपली माहिती आपल्याकडे राहते, आणि जुना संगणक जो दोन-दोन मिनिटे सुरू होत बसायचा तो झटकन सुरू होतो. संगणक मंद झाला की लोक प्रोसेसरला दोष देतात. बहुतेक वेळा दोष फिरत्या डिस्कचा असतो. बंद पडलेली डिस्क असेल, पुसताच येत नसेल, तर तिच्या तबकड्यांतून आरपार दोन-तीन भोके पाडा. हे काम कार्यशाळेत, डोळ्यांना चष्मा लावून आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली करायचे. लॅपटॉपच्या डिस्कमधल्या तबकड्या बहुतेक वेळा काचेच्या असतात आणि फुटल्या की कपच्या उडतात.

दुसरा प्रश्न, हा संगणक अजून कामाचा आहे का? हा प्रश्न सध्या फार मोठ्या संख्येने लोकांपुढे आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारे असंख्य संगणक एका तारखेने "जुने" ठरले. यंत्र बिघडलेले नाही, त्याच्यावरची प्रणाली म्हातारी झाली. प्रणाली बदलता येते.

लिनक्स मिंट, लुबुंटू अशा प्रणाली मोफत मिळतात आणि ४ जीबी रॅमवर शाळेचे सगळे काम करू देतात: लेखन, हिशेबाचे तक्ते, इंटरनेट, व्हिडिओ, पायथॉन, आणि मराठी टंकलेखनही. लिनक्स म्हणजे काहीतरी कमी दर्जाचे, ही भीती पालकांच्या मनात असते. त्यांना सांगा की केरळमधल्या सरकारी शाळा कितीतरी वर्षे लिनक्सवरच शिकवत आहेत, आणि आपल्या संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये स्वतःच्या संगणकांसाठी "माया" ही जी प्रणाली आणली तीही उबुंटू या लिनक्सवरच उभी आहे. "बॉस" नावाची लिनक्स प्रणाली तर आपल्या सी-डॅकने तयार केली आहे.

मर्यादाही सांगतो. ३२ बिटचा प्रोसेसर असलेला संगणक आता सोडून द्यावा. डेबियनसारख्या जुन्या मुरलेल्या प्रणालीनेही ऑगस्ट २०२५ मधल्या तेराव्या आवृत्तीपासून त्याच्यावर बसवण्याची सोय काढून टाकली. १ जीबी रॅमवर हट्टाने काही चालवता येते, पण त्याच्यापुढे बसलेल्या मुलाला संगणकाचा कंटाळा येईल, आणि ते नुकसान जास्त मोठे. ६४ बिटचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, चालू पडदा, एवढे असेल तर संगणक देण्याजोगा आहे असे मी धरतो.

पण देण्याजोगा असला म्हणून कोणाला हवा असतोच असे नाही. आपल्या एका माजी कॅडेटचे वडील सुभेदार म्हणून निवृत्त होऊन सातारा जिल्ह्यातल्या गावी गेले. घरचा संगणक गावच्या शाळेला द्यायचा म्हणून मुख्याध्यापकांना भेटले. गुरुजी म्हणाले, "साहेब, नको म्हणत नाही. पण आधीचेच पाच त्या खोलीत चादर टाकून ठेवलेत. सहावाही तिथेच जाईल. त्यापेक्षा हे पाच कोणी सुरू करून दिले तर बरं होईल बघा."

दिवाळीच्या सुट्टीत गुरुजींकडून किल्ली घेऊन बापलेक त्या खोलीत बसले. दोन संगणक दरवेळी तारीख विसरत होते आणि एफ-वन दाबा म्हणून अडून बसत होते. मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही रुपयाच्या नाण्यासारखी दिसणारी बॅटरी संपली होती. ती कोणत्याही घड्याळाच्या दुकानात मिळते. तिसरा नुसता बीप-बीप करायचा. त्याची रॅम काढून सोनेरी पट्टी खोडरबराने पुसली आणि परत बसवली, तो सुरू झाला. चौथ्याचा एसएमपीएस गेला होता. पाचव्याच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले होते, तो काही होण्यासारखा नव्हता, पण त्याचा एसएमपीएस चांगला होता, तो चौथ्याला लावला. पाचांपैकी चार उभे राहिले. त्या मुलाने हा सगळा हिशेब मला पत्रासारखा लिहून पाठवला होता, म्हणून एवढे तपशील सांगू शकतो. (एसएमपीएसचा डबा त्याने आख्खा बदलला, उघडला नाही. तुम्हीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धक्का देण्याइतका भार राहू शकतो.) सुभेदार साहेबांचा स्वतःचा संगणक शेवटी गावच्या वाचनालयात गेला.

यावरून मी देण्याआधी विचारायचे प्रश्न ठरवले आहेत. तुमच्याकडे आधीचे किती आहेत आणि त्यांतले चालू किती? वीज किती वेळ असते? बिघडला तर कोण पाहील? विजेचा प्रश्न महत्त्वाचा आहे. पडद्यासकट डेस्कटॉप साधारण १०० वॉट घेतो, लॅपटॉप त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि वीज गेल्यावर बॅटरी चांगली असेल तर तो चालूही राहतो. भारनियमन असलेल्या गावाला दोन डेस्कटॉपपेक्षा एक लॅपटॉप द्यावा. आणि देताना कीबोर्ड, माउस, दोन्ही केबल, पासवर्ड लिहिलेला कागद, सगळे एकत्र द्यावे. पॉवरची केबल नाही म्हणून वर्षभर बंद राहिलेले संगणक मी पाहिले आहेत.

जे खरोखर संपले आहे त्याचे काय? इथे भंगारवाला येतो. तो दारात येतो, रोख पैसे देतो, आणि त्याला नावे ठेवणे मला पटत नाही. तो पहिली कडी आहे, शेवटची नाही. त्याच्याकडून माल मोठ्या व्यापाऱ्याकडे, तिथून दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्तीत सुटा होतो, आणि सर्किट बोर्ड मुरादाबादसारख्या ठिकाणी पोहोचतात. पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले, रामगंगेच्या काठचे हे शहर. धातू गाळण्याचे कसब तिथल्या हातांत पिढ्यान् पिढ्या आहे, म्हणूनच बोर्डही तिथे जातात.

अकरावी-बारावीच्या कॅडेटांनी इथे रसायनशास्त्राचे पुस्तक आठवावे. तारांवरचे आवरण पीव्हीसीचे. तांबे मोकळे करण्यासाठी ती उघड्यावर जाळली की हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन बाहेर पडतात. बोर्ड तापवून भाग सुटे केले की डाखाच्या जुन्या मिश्रधातूतल्या शिशाची धूळ आणि धूर होतो. सोने काढण्यासाठी अम्लराज, म्हणजे एक भाग नायट्रिक आणि तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्ल. त्याच्या तपकिरी वाफा हातमोजे-मुखवट्याशिवाय काम करणाऱ्याच्या फुप्फुसात जातात आणि उरलेले आम्ल गटारात. शिसे कपड्यांवरून घरी येते, आणि त्याचा सर्वांत जास्त मार लहान मुलांच्या मेंदूला बसतो. तुमच्या संगणकाचे जे थोडे रुपये आले, त्यात हा खर्च धरलेलाच नसतो.

सोन्याचा मोह मात्र खोटा नाही. कोलारची सोन्याची खाण २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाली. टनभर दगडातून काही ग्रॅमच सोने निघत होते, ते परवडेना. चांगल्या प्रतीच्या टनभर सर्किट बोर्डांत शंभर-दोनशे ग्रॅमपर्यंत सोने असू शकते. ते नीट काढले तर काय होते याचे उदाहरण तुम्ही सर्वांनी टीव्हीवर पाहिले आहे. टोकियो ऑलिंपिकसाठी जपानने एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या काळात लोकांकडून सुमारे ७९,००० टन लहान विद्युत उपकरणे आणि ६२ लाख मोबाइल गोळा केले. त्यातून निघालेले ३२ किलो सोने, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो ब्राँझ यांपासून सगळी पदके घडवली. ७ ऑगस्ट २०२१ रोजी राजपुताना रायफल्सच्या नीरज चोप्रांनी गळ्यात घातलेले पदक त्यांतलेच.

जगात मात्र असे नीट गोळा होणारे थोडेच आहे. २०२२ या वर्षात जगभरात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे तो २२.३ टक्के.

आपल्याकडे कायदा आहे. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. उत्पादक कंपनीने विकलेल्या मालाच्या प्रमाणात पुनर्चक्रण करून घ्यायचे, आणि उत्पादक, दुरुस्ती करून परत वापरात आणणारे, पुनर्चक्रण करणारे, सर्वांनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करायची. वर्षात हजार किंवा त्याहून जास्त उपकरणे वापरणाऱ्या संस्थांवर तर आपला ई-कचरा नोंदणीकृत ठिकाणीच देण्याचे बंधन आहे. घरच्या एका संगणकासाठी सोपे दोन मार्ग: संगणकावर ज्या कंपनीचे नाव आहे तिच्या संकेतस्थळावर जुना माल परत घेण्याची सोय पाहणे, किंवा मंडळाच्या संकेतस्थळावरच्या यादीतून आपल्या राज्यातला नोंदणीकृत पुनर्चक्रक शोधणे. एका संगणकासाठी गाडी पाठवायला ते सहसा तयार नसतात. म्हणून एका कॉलनीतली आठ-दहा घरे मिळून दिवस ठरवा. बदल्यांच्या हंगामाच्या आधी हे फार सहज जमते. फॅमिली क्वार्टर्समध्ये एक निरोप फिरवला की व्हरांडा भरतो.

काही वस्तू या ढिगात टाकायच्या नाहीत. यूपीएसची शिसे-आम्ल बॅटरी, तिच्यासाठी ऑगस्ट २०२२ चे वेगळे बॅटरी नियम आहेत. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्या. लॅपटॉपची फुगलेली लिथियम बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्जही करू नका. धातूच्या वस्तूंपासून दूर, मोकळ्या जागी वेगळी ठेवा आणि घेणाऱ्याला ती फुगलेली आहे हे आधी सांगा. जुन्या फुगीर पडद्याच्या मॉनिटरची काच शिसेयुक्त असते. त्याला स्क्रू ड्रायव्हर लावायचा नाही, आख्खाच द्यायचा. देताना पावती घ्या आणि तिच्यावर संगणकाचा सीरियल नंबर लिहून घ्या.

या सुट्टीत घरी गेल्यावर जुन्या संगणकाच्या चार गोष्टी वहीत लिहून आणा: प्रोसेसरचे नाव, रॅम किती, डिस्क फिरती की एसएसडी, आणि शेवटचा कधी सुरू केला होता. जो सुरूच होत नाही, त्याचा बीप किती वेळा वाजतो तेही. सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी क्लबच्या तासाला या याद्या आपण फळ्यावर मांडू. लिनक्सचा पेन ड्राइव्ह कसा बनवायचा तेही त्याच तासाला. येताना ८ जीबीचा एक रिकामा पेन ड्राइव्ह घेऊन या.